जिभेची रेघ

“आ कर, म्हातारे. आणखी. हां, आता पुन्हा म्हण.”

“नोमी,” नोमीची आई म्हणाली. दरबारातून आलेले पंडित तिच्या तोंडात डोकावून बघत होते. चोसोनच्या, म्हणजे जुन्या कोरियाच्या, राजाला चिनी अक्षरं नको झाली होती, आपल्या बोलीची आपली अक्षरं हवी होती. म्हणून साध्या माणसांची जीभ बोलताना कशी हलते ते बघायला शिपायांनी तिला बाजारातून, मुळ्याच्या पाटीवरून उठवून आणलं होतं. ती मात्र हरखली होती. एवढा मोठा माणूस आपलं बोलणं ऐकतोय! तिने सगळं सांगून टाकलं. पोरावर सरकारी बैल कापल्याचा आळ आलाय. उद्या फटके आहेत. पोर छातीने अधू, त्यातून वाचायचं नाही.

“मालक, माझा नोमी मुंगीवरसुद्धा पाय देत नाही हो.”

“‘नोमी’ म्हणताना जीभ वर टेकते बघ!” पंडित खुशीत म्हणाले. “परत म्हण.”

तिने परत म्हटलं. घशाला कोरड पडली तरी म्हणत राहिली. मोठी माणसं असंच ऐकत असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

शेवटी पंडितांनी कुंचल्याने कागदावर चार खुणा काढल्या. “ही वळलेली रेघ म्हणजे तुझी जीभ. हा चौकोन म्हणजे मिटलेलं तोंड. बाकीच्या रेघा आवाजाच्या. लाव बोट आणि म्हण. शाब्बास! आता हा कागद नोमीचा. जा घेऊन.”

कागद नोमीचा म्हटल्यावर तिला आणखी काही ऐकायचं नव्हतं. तिने जमिनीला कपाळ टेकलं आणि तुरुंगाकडे धावत सुटली.

तुरुंगाच्या दारात बसलेला कारकून चिनी शिकलेला. त्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला.

“हे काय आणलंस, नोमीच्या आई? ही काय अक्षरं झाली?”

“नवी आहेत. दरबारच्या पंडितांनी स्वतः दिलीत. सोडा आता माझ्या पोराला.”

“मला तर वाचता येईना. तुला येतं वाटतं?” तो हसला. “मग वाच की.”

गावात कुणाला येत नव्हतं ते तिला येत होतं. तिने ऐटीत वळलेल्या रेघेवर बोट ठेवलं. “नोमी.”

“बरं. पुढे?”

तिचं बोट खाली सरकलं. खाली कोरा कागद होता.