मशीनला खेळू द्या

निशाचं लग्न झालं त्या २०१६ सालीच, ऑगस्टात, तिच्या वडिलांचं, नत्थूचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. घराबाहेर जाणं बंद झालं. राहिला फक्त बुद्धिबळाचा डाव.

समोरचा गडी हिरालाल. भिलाई-3 च्या रेल्वे यार्डात दोघांनी तीस वर्षं पॉइंट्समनची, गाड्यांसाठी रूळ बदलायची, नोकरी केली. आता हिरालाल नागपूरला मुलाकडे राहायचा. कान गेलेले, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. नत्थूच्या मुलाने, परागने, दोन्ही घरी प्लग-इन टाकून दिला होता. कॉम्प्युटरवरचा बुद्धिबळाचा प्रोग्राम त्यामुळे ब्राउझरच्या आतच उघडायचा. इकडे घोडा हलवला की तिकडे हलायचा. खाली दोन शब्द लिहायला जागा होती. नत्थू चाळिशीत लिहायला शिकला. तेवढं त्याला जमायचं.

हिरालाल नेहमी हरायचा आणि वरून टोमणा लिहायचा, ‘झोपला का बे बुढ्ढ्या?’

पोळ्यानंतर तो जिंकू लागला. रोज. टोमणेही थांबले, नुसतं ‘चाल’ एवढंच. आपण भेटायला जात नाही म्हणून रागावला असेल, असं नत्थूला वाटलं. पण हरणं सोसेना. दिवाळीत त्याने कोपऱ्यातलं बटण दाबलं: मशीनला खेळू द्या.

यार्डात नत्थूचा डोळा लागला की हिरालाल त्याचीही ड्यूटी करायचा, साहेबाला कळू न देता. त्या माणसाशी ही लबाडी. तरी रोज बटण दाबलं जायचं.

फेब्रुवारीत ब्राउझरवर सूचना आली. पुढच्या आवृत्तीत प्लग-इन चालणार नव्हता. डाव बंद होण्याआधी कबूल करायचं, असं नत्थूने ठरवलं. परागने डॉक्टरांचं नाव काढून पुष्कळ अडवलं. नत्थू सकाळच्या गाडीने एकटाच निघाला.

हिरालालच्या सुनेने, नीतूने, व्हरांड्यातच खुर्ची दिली. तो बसला नाही.

"दिवाळीपासून मी खेळतच नाई, नीतू. मशीन खेळून राहिली. हिरालालले बोलाव. त्याच्या तोंडावर सांगाचं हाय. मंग देऊ दे शिव्या."

नीतूने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

"काका, तुमचं ऑपरेशन ताजं होतं. परागभाऊ म्हणाले, आत्ताच नका सांगू. म्हणून इकडून आमी बी तेच बटन दाबून राहिलो."

हिरालाल १ सप्टेंबर २०१६ रोजी, पोळ्याच्या दिवशी वारला होता.