चादरीचे चार कोपरे

पहिला दगड अकरा वाजता पडला.

समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून आला आणि मधल्या मोकळ्या प्लॉटवर आदळला. "बघितलंस?" खिडकीतून सुभाष ओरडला. "सुरुवात त्यांनीच केली!" आणि चपला न घालताच तो जिना चढत सुटला.

सुमेधा नवऱ्यामागे धावली. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांना जेमतेम आठवडा झालेला. तेव्हापासून नेरूळच्या या दोन सोसायट्या, इकडे हिंदू आणि तिकडे मुसलमान, एकमेकींवर डोळे वटारून बसल्या होत्या. मधल्या प्लॉटवर कोणी पाऊल टाकत नव्हतं.

टाकलं होतं ते एकट्या सुमेधानं, आज सकाळी सातला. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काय भांडण मिटेपर्यंत थांबतो? तिनं चादर अंथरून कुरडया घातल्या. दरवर्षी तिची आणि समोरच्या जैनबची वाळवणं तिथंच पडायची, राखणही आळीपाळीनं. आज मात्र चादरीवर ठेवायला एक दगड मिळेना. होते नव्हते ते सगळे पुरुषमंडळींनी गच्चीवर नेऊन रचले होते. नऊला कसलीशी अफवा आली आणि सुभाषनं तिला दंडाला धरून वर आणलं. कुरडया तशाच राहिल्या.

दुसरा दगड पडला. गच्चीवर आता दहा-बारा जण जमले होते. सुभाषनं अर्धी वीट उचलली. समोर पाण्याच्या टाकीआडून पुन्हा एक हात वर आला.

"आता सोडायचं नाही," तो म्हणाला.

सुमेधानं त्याचं मनगट घट्ट धरलं. ती खाली बघत होती. दोन्ही दगड चादरीच्या कडेला पडले होते. चादरीवर एकही नव्हता.

तिसरा पडला. चादरीजवळून दोन कावळे उडाले.

टाकीआडून जैनब बाहेर आली. ओढणी कमरेला खोचलेली, चेहरा घामानं थबथबलेला.

"सुमेधाताई, हाट हाट करून माजा घसा बसला! आता आमच्या मानसांनी जमवलेले दगडपन संपत आले. तुमचे कावले तुमी हाकला ना!"

सुमेधानं सुभाषच्या हातातली वीट काढून घेतली. ती जिना उतरून प्लॉटवर गेली. वाऱ्यानं फडफडणाऱ्या कोपऱ्यावर तिनं वीट ठेवली आणि वर बघून हाक मारली,

"अजून तीन आणा!"