चाकाला रकाना नाही

प्रयोगशाळेतलं उंदीरघर सांभाळणाऱ्या मावशींचं डोकं सकाळीच तापलं होतं. सरांना आपण शोधलेल्या भूक मारणाऱ्या औषधाचं भारी कौतुक. “त्या झोप उडवणाऱ्या, नशेच्या ॲम्फेटामाइनचा चुलतभाऊ आहे हा, मावशी, पण घरंदाज. भूक तेवढी मारतो, बाकी कशाला हात लावत नाही.” वाटीतलं खाद्य तसंच उरायचं, हे खरं. पण उंदीर झोपतच नव्हते. पाय सोलवटेपर्यंत पिंजऱ्यातल्या चाकावर धावत होते. मावशींनी तीनदा सांगून पाहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर: “नोंदींच्या तक्त्यात चाकाला रकाना नाही.” आज तर सर माणसांवरच्या चाचणीच्या अर्जावर सही करायला बसले! मावशी तरातरा गेल्या आणि झिजून तुटलेलं एक चाक आणून त्यांनी अर्जावर आदळलं. सरांचं पेन हवेतच राहिलं. “करा ना सही,” मावशी म्हणाल्या, “फक्त माणसांच्या मापाची अशी किती चाकं मागवायची, तेवढं सांगून ठेवा.”