दोन डब्या, एक विमान

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या भीमराजच्या टेबलावर काड्यापेटीहून जराशा मोठ्या दोन डब्या पडल्या होत्या, आणि त्यांतली एक चारच्या एस.टी.नं परत जायची होती. नागपूरच्या दुकानदारानं दोन्ही पारखायला पाठवल्या होत्या. एक ठेवा, एक परत करा. पूनमसिंग मास्तर तासाभरापासून त्यांच्याकडे टक लावून बसले होते. नववीला विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला साधा रिसिव्हर निवडताना घाम फुटतो, हे वर्गानं पाहिलं असतं तर वर्गाला फार बरं वाटलं असतं.

मास्तरांनी स्वतः बनवलेलं छोटं विमान तांड्यावर, घरात आढ्याला टांगलेलं होतं. पांगाऱ्याचं लाकूड, बांबूच्या कामट्या आणि दीड वर्षाच्या सुट्ट्या. पंखांवर ताणून बसवलेलं रेशीम मात्र बिजलीबाईच्या लग्नातल्या ओढणीचं होतं. "फाटू देणार नाही," असा शब्द मास्तरांनी बायकोला दिला होता. देताना काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. जमिनीवरून बटण दाबायचं, वर विमानातल्या डबीनं ते ऐकायचं आणि शेपटीचं सुकाणू वळवायचं. डबीनं भलतंच ऐकलं, की विमान सरळ कपाशीत.

बिजलीबाई दुकानाच्या बाकड्यावर बसून होती. आपली ओढणी कोणाच्या भरवशावर आभाळात जाणार, ते तिला स्वतः पाहायचं होतं.

भीमराजनं सुकाणूच्या जागी टॉर्चचा बल्ब जोडला आणि पहिली डबी सुरू केली. मास्तरांनी हातातल्या यंत्राचं बटण दाबलं. बल्ब झगकन पेटला. बटण सोडलं, तरी एकदोनदा लुकलुकला.

"काय पकडते बाप्पा!" भीमराज खूश झाला. "अन् वजनाले तर फूल हाये."

दुसरी डबी दीड तोळ्यानं जड. बटण दाबलं की पेटायची, सोडलं की विझायची. बाकी वेळ ढिम्म.

"हे मुकी हाये, मास्तर. पह्यलीच ठेवा."

दिग्रसमध्ये रेडिओची पारख अशीच चाले. सिलोन लागतं, दिल्ली लागते, रात्री कुठलं तरी अरबी स्टेशनही खरखरतं, तर तो रेडिओ अस्सल. एकच स्टेशन धरून बसणारा रेडिओ कोणी जावयालाही दिला नसता. मास्तरांनी घरचा रेडिओ भीमराजकडून असाच पारखून घेतला होता. त्यांनी मान डोलावली आणि दुसरी डबी वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली.

"अवो," बिजलीबाई म्हणाली, "बटणाले तर कोणाचा हात नाई. मंग हा दिवा कायले पेटून राह्यला?"

दोघांनी पाहिलं. समोरच्या जिनिंगची मोटर नुकतीच सुरू झाली होती आणि पहिल्या डबीचा बल्ब तिच्यासोबत थरथरत होता. रस्त्यावरून एक जीप गेली. बल्ब पुन्हा लुकलुकला. भीमराजनं हळूच टेबलफॅनचं बटण दाबून पाहिलं. पुन्हा.

"म्हंजे जिनिंगवाला म्हणन तिकडे माही ओढणी वळनार?"

भीमराजनं कपाळावर हात मारला. "रेडिओच्या हिशेबानं पाह्यलं वहिनी, चुकलंच माह्यं. हे तर साऱ्या गावाचं ऐकते!"

मास्तरांना ओशाळल्यासारखं झालं. दीड वर्ष जपलेलं विमान ते आत्ता स्वतःच्या हातानं खाली पाडायला निघाले होते, आणि वर मानही डोलावून बसले होते. त्यांनी कागद सोडवून दुसरी डबी बाहेर काढली.

"जड हाये पण," भीमराज चाचरत म्हणाला.

"इमानासाठी माह्या ओढणीचे आरसे उसवले, ते याहून जड होते," बिजलीबाई म्हणाली आणि डबी, बॅटरी, बल्ब सगळं पदरात घेऊन उठली. "दूरवरून आयकते का, तेवढं पाहू."

"दिवा लागला की हात वर करजो," मास्तरांनी मागून सांगितलं.

ती निघाली. जिनिंगचं फाटक मागं पडलं, कापसाच्या बैलबंड्यांची रांग मागं पडली. मास्तर पायरीवर एरियल उभारून बटण दाबत होते. दाबलं की बिजलीबाईचा हात वर जाई. सोडलं की खाली. फाटकाशी एक ट्रक भडभडत सुरू झाला. हात खालीच राहिला. बंडीवाले वळून वळून पाहू लागले, तिनं लक्ष दिलं नाही. पार नाल्याच्या पुलापर्यंत ती गेली. एवढ्या लांब मास्तरांची हाकही पोचली नसती. बटण पोचत होतं.

भीमराजनं पहिली डबी पार्सलात बांधायला घेतली. मास्तरांनी यंत्र पायरीवर ठेवलं आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

तेवढ्यात दूर पुलावर हात वर गेला.

मास्तरांनी पायरीवरच्या यंत्राकडे पाहिलं.

"दाबलं का तुमी?" भीमराजनं विचारलं.

"नाई."

हात खाली येईना. मग दुसराही वर गेला. मास्तर धावत रस्त्यावर आले आणि कपाळाशी पंजा धरून पाहू लागले. पदरातलं सगळं तिनं पुलाच्या कठड्यावर ठेवलं होतं; ही बल्बाची खूण नव्हतीच. दोन्ही हात पंखांसारखे आडवे पसरून बिजलीबाई भर रस्त्यात, साऱ्या बंडीवाल्यांच्या देखत, एकदा डावीकडे वळली, मग उजवीकडे.