हिरवा ठिपका

जेवणाच्या टेबलावर नवऱ्याने तक्ता पसरला आणि तो गुंडाळून येऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर वाटी, चष्म्याचं घर, मोबाइल, मिठाची बरणी असं हाताला लागेल ते ठेवलं. तक्त्यावर कॅरिबियन समुद्रातलं एक बेट होतं. म्हणजे बेट असं नव्हतंच. त्या बेटावर सुटीला गेलेला माणूस कशाकशाने मरू शकतो, ते ओळीने लिहिलं होतं.

"जायचं नक्की करायच्या आधी शेवटची नजर टाकू," तो म्हणाला.

बायको समोर बसून त्याच्या शर्टाला बटण लावत होती. सुटीसाठी घेतलेला फुलाफुलांचा शर्ट होता. तिने मान हलवली.

तो कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. तिथे त्याच्या माघारी सगळे त्याला 'हेल्मेट' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. याचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी हा गार पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. प्रत्येक धोक्यासमोर तो एक गोल ठिपका चिकटवी. लाल म्हणजे काम बंद, पिवळा म्हणजे जपून, हिरवा म्हणजे खुशाल. कारखान्यातली ही रीत त्याने घरीही आणली होती. माळ्याखाली ठेवलेल्या डुगडुगत्या स्टुलावर गेली दोन वर्षं लाल ठिपका होता, पण स्टूल काही दुरुस्त झालं नव्हतं.

"समुद्राची ओढ. पिवळा. किनाऱ्यावर लाल झेंडा दिसला की पाण्यात पाय घालायचा नाही. अंधार पडल्यावर फिरणं, पिवळा. दागिने घरीच ठेव. बर्फ घातलेलं काही प्यायचं नाही. आणि हे झाड बघ, पावसात याच्याखाली उभं राहिलं तर अंगावर फोड येतात."

"झाडाखालीसुद्धा?"

"त्याचा चीक विषारी असतो. लिहिलंय ना."

कोपऱ्यावरचा मोबाइल वाजला. त्याची आई होती. त्याने आवाज मोठा केला.

"जाऊन या रे," सासू म्हणाली. "तिचाही जीव रमेल. आल्यावर पुन्हा बघता येईल. वय कुठे गेलंय?"

"हो आई, तेच चाललंय."

त्याने मोबाइल पुन्हा कोपऱ्यावर ठेवला. बायकोने सुई टोचली ती बोटात. तिने बोट तोंडात धरलं आणि टेबलाच्या कडेकडे बघत बसली. कोपऱ्यावर डिंकाचे पिवळट डाग होते. तिथे आजवर स्पंजचे तुकडे होते. तिने गोड बातमी दिली त्याच संध्याकाळी याने ते आणून चिकटवले होते, बाळाला कोपरा लागू नये म्हणून. बाळ तेव्हा बोटाएवढंही नव्हतं. ती हसून हसून दमली होती. आज सकाळी तक्ता सपाट बसेना, म्हणून त्याने ते ओरबाडून काढले.

"डेंग्यू. पिवळा. लांब बाह्या, अंगभर मलम." त्याचं बोट एक ओळ खाली आलं. "त्याच डासाचा दुसरा आजार."

त्या ओळीसमोर लाल ठिपका होता. तोही त्याच संध्याकाळचा. हा डास चावला तर पोटातल्या बाळाला अपाय होतो, असं त्याने मोठ्याने वाचलं होतं. "संपलं. बेट गेलं खड्ड्यात," असं म्हणून अंगठ्याने ठिपका दाबून दाबून बसवला होता. दाबताना त्याचा चेहरा असा उजळला होता, की त्याच्या या ठिपक्यांवर तिचा एकदाच जीव जडला तो तेव्हा.

बाळ गेल्या महिन्यात गेलं. दवाखान्यातून परतताना त्याने गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. बस, तेवढंच. त्यानंतर त्या गोष्टीचं त्याने नाव काढलं नव्हतं. तो रडला असता, तिच्यावर चिडला असता, काहीही चाललं असतं तिला. ती रोज वाट बघत होती, आणि आता ही ओळ आली होती. आता तरी बोलेल.

त्याचा अंगठा लाल ठिपक्यावर थांबला. तिने सुई खाली ठेवली.

त्याने नखाने ठिपक्याची कड खरवडली. तो निघेना. मग ठिपक्यांच्या पट्टीवरचा एक हिरवा काढून त्याने लालवरच चिकटवला.

"आल्यावर काही महिने थांबायचं, एवढंच," तो म्हणाला आणि सुटकेचा निःश्वास टाकून मागे टेकला. "बघ. आता एकही लाल नाही."

तिला त्याचा राग आला. तरी तिने बटणाचा दोरा दाताने तोडला, शर्टाची नीट घडी घातली आणि ती तक्त्यावर ठेवली.

"तू जा," ती म्हणाली. "मी येत नाही."

"अगं, पण आता धोका कसला?"

तिने हिरव्या ठिपक्याला नख लावलं. तो लगेच सुटून आला. खालचा लाल जागच्या जागी होता. टेबलाला वळसा घालून ती त्याच्याजवळ गेली आणि तो हिरवा ठिपका तिने त्याच्या छातीवर, डाव्या बाजूला लावला.

"तुला नाहीच," ती म्हणाली. "तुला कशानेच काही होत नाही."

ती आत निघून गेली. त्याने मान खाली घालून छातीकडे पाहिलं. ठिपक्याची एक कड उचलली गेली होती. सवयीने त्याने ती अंगठ्याने दाबून नीट बसवली.