तपासणीच्या दिवशीचं कौतुक

परदेशी मदतीतून बांधलेली आमची घरं पावसात चाळणीसारखी गळायची. मदत देणाऱ्यांकडून एक बाई तपासणीला येणार म्हटल्यावर प्रकल्पाचे साहेब आम्हाला दम देऊन गेले, "गळतंय म्हणून कुणी तोंड उघडलं, तर घर काढून घेईन. नुसतं कौतुक करायचं!"

मग काय, केलं की! धाकटी जाऊ म्हणाली, "इथे आल्यापासून माझा दमा पळाला." मी म्हटलं, "बाई, माझे तर पांढरे केस काळे व्हायला लागलेत!" साहेब मागे उभे राहून गालातल्या गालात हसत होते.

बाई अगदी भारावल्या. म्हणाल्या, "आजी, अजून काही हवंय का?"



"एकच करा," मी म्हटलं, "पाऊस लागायच्या आत आमच्या साहेबांनाही बायकापोरांसकट यातलंच एक घर द्या."