उघडा कंस

तुलाराम गुरुजींनी डाव्या हाताच्या एका बोटानं 5*(3+5 टाइप केलं आणि एंटर दाबलं. लॅपटॉपनं निमूटपणे चाळीस दाखवले.

गुरुजींच्या कपाळाला आठी पडली. कंस उघडला होता, बंद कुठं केला होता? आणि तरी उत्तर बरोबर? मास्तरकीचा जीव तो, फुकटचे मार्क कसे पचणार!

सून अंजू शेजारी बसून लाखोरी डाळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी निवडत होती. लाखनी गावच्या कॉम्प्युटर क्लासात पायथन शिकता शिकता तिनं हा प्रोग्राम लिहिला होता. त्याला गणित द्यायचं. तो आकडे आणि चिन्हं वेगळी करणार, आधी कंस सोडवणार, मग गुणाकार-भागाकार, शेवटी बेरीज-वजाबाकी. लकव्यानं उजवा हात नेल्यापासून सासऱ्यांना तेवढाच विरंगुळा होता. पण परवा त्यांचा कंस उघडा राहिला, पडद्यावर लाल अक्षरांत चूक झळकली, आणि त्यांनी भिंतीकडे फिरवलेलं तोंड जेवायलाही वळवलं नाही. अंजूनं गुपचूप दोन ओळी वाढवल्या: कंस उघडा दिसला, तर तूच लावून घे बापा.

गुरुजींनी आता मुद्दाम तेच गणित तसंच टाइप केलं. पुन्हा चाळीस.

"अंजू," ते जड जिभेनं म्हणाले, "हे तुनं केलं?"

"तुमाले वाईट वाटते न, मामाजी. म्हणून..."

"वाईट तं वाटतेच." शब्द गोळा करायला ते थांबले. "शाळेत पोरगं चुकलं का मी लगेच टोकत होतो. ज्याची आशा सोडली, त्यालेच कोणी काही म्हणत नाही. तू माही आशा सोडली का वो, बाई?"

अंजूचे डोळे भरून आले. "नाही जी!" तिनं हात पदराला पुसले आणि त्या दोन्ही ओळी खोडून टाकल्या.

गुरुजींनी नवं गणित घातलं, चांगलं लांबलचक, कंसात कंस असलेलं. एंटर दाबताच लाल ओळ उमटली. अंजूचा जीव धसकला. गुरुजी मात्र पुढं वाकले आणि पडद्यावर बोट टेकवून एकेक चिन्ह तपासू लागले.

आतून सासूबाईंची हाक आली, "जेवाले येता का नाही? भात थंडा होऊन राहिला!"

"थांब वो जराशी," गुरुजी ऐटीत ओरडले, "मी चुकलो हावो!"